नव्या माणसाला आत घ्यायचं काम

कापसाच्या जिनिंगमधी तुमी काय काम करता, असं कुणी इचारलं की मला नीट सांगता येत न्हाई. माही बायको सोयऱ्यांत सांगती, "हे साहेबाच्या हाताखाली हायत." साहेबाच्या हाताखाली साहेबाचं कुत्रं बी हाय. त्याला निदान भुंकायचं काम हाय.

तसं मला सगळ्या कामाला लावून बघितलं. कापूस मशीनीत घालायला लावलं तर मी दिवसभर शिंकायचो. गठाणी बांधायला लावलं तर माही गठाण ट्रकात चढवताना सुटली अन् हमालांच्या अंगावर एवढा कापूस पडला की त्यांला झटकून झटकून वळखावं लागलं. काट्यावर बसवलं तर आकडे वाचता येईनात. शाळेत मी गेल्तो, न्हाई असं न्हाई, पण मास्तरनं मला लवकर वळखलं अन् त्याच्या म्हशीकडं लावलं. शेवटी मुकादम बेजार झाला. म्हणाला, "ह्याला कोणत्याबी मशीनीला लावलं तरी नुकसानच हाय. ह्याला माणसाला लावा."

तवापासून नवं माणूस कामावर आलं की त्याला गेटातून आत घ्यायचं, सगळं दाखवायचं, त्याचा जीव रुळंपर्यंत संगं राहायचं, हे माहं काम. सगळे मला मामा म्हणतेत. मंग जिनिंग एका कंपनीनं घेतलं, पुण्याकडचा मॅनेजर साहेब म्हणून आला. त्यो ह्या कामाला इंडक्शन म्हणतो. भिंतीवर चित्रं पाडून दाखवतो, आग लागली तर कुठून पळायचं, टोपी कशी घालायची. चित्रातली माणसं गोरी असतेत, त्यांच्या टोप्या पिवळ्या असतेत. आमच्याकडं टोप्या आल्या त्या कपाटात हायत. साहेबाचं झालं की नवी माणसं माह्या ताब्यात.

माही रीत सोपी. पैलं हसवायचं. नवं माणूस घाबरलेलं असतंय. पालमकडून, चारठाण्याकडून पहाटच्या एसटीनं आलेलं असतंय, भाकरीचं फडकं छातीशी धरून उभं असतंय. त्याला मी माह्या सुटलेल्या गठाणीची गोष्ट सांगतो, मास्तरच्या म्हशीची सांगतो. हसलं की अर्धं काम झालं. मंग पाण्याची टाकी, संडास, दुपारची सावली. कोणतं कुत्रं चावतंय अन् कोणतं नुसतं भुंकतंय. मुकादम शिव्या देतो तवा चिडलेला नसतोय, गप असला की चिडलेला असतोय. मशीन सगळ्यात शेवटी. मशीन काय, समोरच असती, दिसती की.

ह्या गोष्टीतला जो माणूस गेला, त्यालाबी मीच आत घेतल्तं. चुडाव्याच्या पलीकडचा. पैल्या दिवशी एवढा हसला की चहा नाकातून आला. मी म्हणालो, हे टिकतंय. अन् टिकलं बी, लय साल टिकलं.

त्यो कसा गेला ते सांगायच्या आधी आमची एक पद्धत सांगावी लागती. कापसातून सरकी निघती ती जमिनीतल्या एका नालीत पडती. त्या नालीत लोखंडाचा एक लांब पीळ फिरत असतोय, बोकडाच्या शिंगावानी, त्यो सरकीला पुढं ढकलत नेतो. नालीवर लोखंडी जाळ्या टाकलेल्या असतेत. कधी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या अडकून नाली तुंबती. मंग मशीन बंद करायची, जाळी काढायची, एकानं नालीत उतरून हातानं काड्या काढायच्या. झालं की मुकादम बटनापाशी उभा राहून ओरडतो, "सोडू का?" शेडच्या आतून आवाज येतो, "सोड!" की त्यो बटन दाबतो.

आता 'सोड' कुणी म्हणायचं, ह्याचा काय नेम नव्हता. ज्याचं काम झालं त्यो म्हणायचा. ज्याचं काम नव्हतंच त्योबी म्हणायचा. आमी एकमेकाच्या वाटचं लय करतो. बिडी ओढाय गेलेल्याच्या वाटचं "हाय, हाय" म्हणतो, झोपलेल्याच्या वाटचं "आत्ताच इथं व्हता" म्हणतो. त्याच्यात आमाला माणुसकी वाटती. एकानं 'सोड' म्हणलं म्हणजे सगळ्यांनी म्हणलं.

त्या दिवशी त्यो नालीत व्हता. मुकादमानं इचारलं, "सोडू का?" कुणीतरी म्हणालं, "सोड!"

कोण म्हणालं ते आजपर्यंत कळलं न्हाई. पोलीस येऊन इचारून गेले. मी म्हणालो नव्हतो एवढं मला पक्कं ठाऊक हाय, कारण मी तवा संडासात व्हतो. माह्या उभ्या जल्मात मला ज्या गोष्टीचा आधार वाटावा ती ही एक.

त्याच्या गावची माणसं गेटापाशी येऊन बसली. अंत्यविधी झाल्यावर परत येऊन बसली. तवा साहेबानं सगळ्यांच्या देखत शब्द दिला की त्याच्या बायकोला कामावर घेऊ, तीन महिने बघू, मंग कायम करू. माणसं उठली.

ती आली त्या दिवशी साहेबानं मला केबिनमधी बोलावलं.

"मामा, ही बाई तुमच्याकडं. बाहेरची झाडलोट द्या. आत जास्त फिरवू नका."

"अन् तीन महिन्यांनी?"

साहेब खिडकीतून बघायला लागला. "राहिली तर राहिली. नाही जमलं तर नाही जमलं. आपल्याकडून त्रास नको, एवढंच."

भाईर मुकादम व्हता. त्याचा आवाज बटन दाबलं त्या दिवसापासून बसलेला, दवाखाने करून बी उघडला न्हाई. त्यो म्हणाला, "आठ दिवसांत जाईल बघ. कोण राहील इथं? मी बी राहिलो नसतो, पण मला जायला जागा न्हाई."

मला तवा कळलं की ह्या खेपेला माहं काम उलटं हाय. माणसाला असं आत घ्यायचं की त्यानं भाईर जावं.

ती गेटापाशी उभी व्हती. पूर्णेपर्यंत रेल्वेनं आली, तिथून ऑटोनं. मी म्हणालो, "वैनी, चला." मी आपलं सवयीनं माह्या गठाणीची गोष्ट सुरू केली. ती माह्या तोंडाकडं बघायली. गोष्ट अर्ध्यात आली अन् मला वाटलं, हिला काय माहीत न्हाई ही गोष्ट? नवऱ्यानं घरी जाऊन सांगितली असणार, हसून हसून. मी गोष्ट तिथंच सोडून दिली. हमाल कापसाखालीच राहिले.

आमच्यात नवं माणूस आत आलं की त्यानं मशीनीला हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, पाया पडायचं, मंग कामाला हात घालायचा, अशी रीत हाय. पैल्या मालकापासून चालत आलेली. मुकादमानं ताट तयार ठेवल्तं. ती ताटाकडं बघायली, मशीनीकडं बघायली, अन् जाग्यावर उभी राहिली. सगळी माणसं कामं सोडून बघायलेली.

मला वाटलं आता मी हुशारी करावी. ती बौद्धांच्या घरची. मी हळूच तिच्याजवळ गेलो अन् म्हणालो, "वैनी, तुमच्यात हे नसतंय. तसं सांगा की. कुणी काय म्हणत न्हाई."

ती हळू बोलली न्हाई. सगळ्यांला ऐकू गेलं.

"नसतंय आमच्यात. पण त्यांनी लावलं व्हतं. पैल्या दिवशी, तुमी सगळे लावता म्हून त्यांनी बी लावलं, नारळ बी फोडला. मला घरी येऊन सांगितलं. मी त्याच्यासाठी नको म्हणत न्हाई भाऊ. हिनं माहा माणूस खाल्ला. हिच्या पाया मी पडत न्हाई."

मुकादमानं ताट उचलून खाली ठेवलं, परत उचललं. त्याला काय करावं कळंना म्हून त्यानं नारळ माह्या हातात दिला. मी फोडाय गेलो अन् अंगठ्यावर मारून घेतलं. कुणी हसलं न्हाई. जिनिंगमधी मला लागलं अन् कुणी हसलं न्हाई, असं तवा पैल्यांदा झालं.

मंग मी तिला टाकी दाखवली, संडास दाखवला, सावली दाखवली. कुत्रीबी दाखवली. ती सगळं बघत मागं मागं आली. शेवटी म्हणाली, "झालं सगळं?"

"झालं."

"ते कुठं झालं ते दाखवा."

मी म्हणालो, ऊन लय हाय, चहा घेऊ. मी म्हणालो, तिकडं धूळ हाय. मी म्हणालो, साहेबाला इचारावं लागंल. मी तिला गोदामाला येढा घालून आणलं, परत तिथंच आणलं. ती गप चालायली. मला वाटलं ती थकंल, पण थकलो मी. मंग नेलं.

नवी जाळी टाकलेली, तिला हिरवा रंग दिलेला. बाकीच्या जाळ्या गंजक्या, ही एक हिरवी. आमी दुसरी खूण करायची तर अशी केली नसती. ती जाळीपाशी बसली. हात लावला न्हाई. खाली पीळ फिरत व्हता, सरकी सरकत व्हती.

"चालू कशी झाली?"

मी सांगितलं. सोडू का, सोड.

"सोड कोण म्हणालं?"

"कळलं न्हाई वैनी."

"किती माणसं हायत आत?"

"दहा-अकरा."

"दहा-अकरा माणसं, अन् कुणाचा आवाज ते वळखू आला न्हाई? रोज संगं जेवता तुमी." ती माह्याकडं वळली. "म्हंजी तुमी माणूस बघत न्हाई. नुसता आवाज ऐकता."

मी मान हालवली. माह्याकडं सगळ्याला उत्तर असतंय. बायको म्हणती, तुमी सरणावर बी उठून एक उत्तर देताल. तिथं मी तिला खराटा कुठं असतोय ते दाखवलं.

आठ दिवस झाले, ती गेली न्हाई. पंधरा झाले. भाईरचं झाडता झाडता ती दारापर्यंत आली, दारातून आत आली. कुणी भाईर काढलं न्हाई. घरी सासू अन् दोन लेकरं, पोरगी मोठी, पोरगं ल्हान. सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची. कुणाशी बोलायची न्हाई. माह्याशी बोलायची तर कामापुरतं, "भाऊ, खराटा झिजला."

मंग एक दिवस नाली तुंबली. काड्या काढून झाल्या. मुकादमानं त्याच्या बसक्या आवाजात इचारलं, "सोडू का?" आतून आलं, "सोड!"

"थांबा," ती म्हणाली. खराटा हातात धरून उभी. "एक माणूस दिसंना."

मुकादमाचा हात बटनावरून खाली आला. सगळे इकडंतिकडं बघायले. एक हमाल टाकीवर पाणी पेत व्हता. त्यो आल्यावर सगळे हसले. एक जण म्हणाला, "बाई, त्याला मुतायला जायचं असलं तर तुमची परवानगी काढावी का?" ती झाडायला लागली.

पुढच्या खेपेला परत तेच. "थांबा." मंग परत. दर खेपेला कुणी ना कुणी भाईरच असायचा, बिडी ओढत, न्हाईतर गाडीवर. एकदा तर मीच. गठाणींच्या मागं झोपलो व्हतो. तिनं मला शोधून काढलं अन् मुकादमाला सांगितलं, "हायत. झोपलेत." साऱ्या जिनिंगला कळलं की मामाचं काम दुपारी गठाणींच्या मागं असतंय.

मुकादम चिडला असता तर शिव्या दिल्या असत्या. त्यो गप राहायला लागला. ती खराटा टेकवून माणसं बघायची, मान हालवायची, मंगच त्याचं बोट उठायचं. पण मशीन थांबली की तेवढा कापूस कमी निघतो, अन् हे साहेबाला दिसतंय. साहेबानं मला अन् तिला केबिनमधी बोलावलं.

"मामा, मी काय सांगितलं होतं? नव्या माणसाला शिस्त लावणं तुमचं काम. ही आता मशीन थांबवायला लागली."

"साहेब, ती न्हाई थांबवत. मुकादम थांबतो."

"तो का थांबतो?"

"तिनं मान हालवल्याबिगर त्याचं बोट उठत न्हाई."

साहेबानं डोळे चोळले. त्यो वाईट माणूस न्हाई. त्याला वर जबाब द्यावा लागतो, अन् वरच्यालाबी वर कुणीतरी असतंय. तिच्याकडं बघून त्यो म्हणाला, "ताई, तीन महिने होत आले. तुम्हाला कायम करायची माझी तयारी आहे. पण ते थांबा-बिंबा बंद करा. ते मुकादमाचं काम आहे. तुम्ही झाडू मारा, पगार घ्या, मुलं शिकवा."

"अन् थांबा म्हणलं तर?"

साहेबानं टेबलावरचा पेन इकडून तिकडं ठेवला.

भाईर आलो. ती पायरीवर बसली. मी उभाच. मला वाटलं आता ही उठून जाती, खराटा फेकून जाती, अन् मला मनातून तसं व्हावं असं बी वाटायलं, म्हंजी बघावं लागायचं न्हाई. ती म्हणाली, "भाऊ, सासूचे डोळे गेलेत. लेकरांचं मलाच बघायचंय. मी गप बसते."

दुसऱ्याच दिवशी नाली तुंबली. काड्या काढल्या. मुकादमानं इचारलं, "सोडू का?" आतून आलं, "सोड!" मुकादम तिच्याकडं बघायलाय. ती भिंतीकडं तोंड करून झाडायली. झाडलेलीच जागा, परत परत. मुकादम थांबला. परत एकदा इचारलं, हळू, जसं काय तिलाच इचारायलाय. ती झाडतच राहिली. त्यानं डोळे मिटले अन् बटन दाबलं. काय झालं न्हाई. सगळे वर व्हते. पण मुकादम जाऊन टाकीपाशी बसला अन् त्या दिवशी परत बटनापाशी आला न्हाई.

त्याच आठवड्यात नवी पोरं आली. हंगाम जोरात व्हता. साहेबानं भिंतीवर चित्रं पाडली, पोरांनी जांभया दिल्या, मंग पोरं माह्याकडं आली. मी आदल्या दिवसापासून ठरवलं व्हतं की ह्या खेपेला गठाण न्हाई, म्हैस न्हाई. पोरांला घेऊन सरळ हिरव्या जाळीपाशी गेलो.

"पोरांनो, इथं एक माणूस गेला," मी म्हणालो.

एक पोरगं फिसकन हसलं. दुसऱ्या गड्यांनी त्यांला चहाच्या टपरीवर सांगून ठेवलेलं, मामा लय मस्करी करतो, त्याच्या नादी लागू नका.

"खरं सांगायलाव. ह्या नालीत. पिळात सापडला."

"मामा, मंग तुमी कसे वाचले? पिळाला बी नको झाले का?" सगळी हसायली. मी तोंड कडक केलं तर अजून हसायली. मी म्हणालो, हसू नका रे, माहा मित्र व्हता, अन् माहा आवाज चिरकला, तर एक जण पोट धरून खाली बसला. जिंदगीभर हसवायचं काम केलेल्या माणसाचं तोंडच असं हून जातंय की त्यानं खरं सांगितलं तरी लोक टाळी मारतेत. मी तिथं उभा, पोरं हसायली, खाली पीळ फिरायला.

ती कधी आली ते मला कळलं न्हाई. खराटा जाळीवर आडवा ठेवला.

"त्यो माहा नवरा व्हता," ती म्हणाली.

हसणं एकदम थांबलं न्हाई. मागच्याला ऐकूच गेलं नव्हतं, त्यो हसतच व्हता, पुढच्यानं त्याच्या पायावर पाय दिला.

मंग तिनं सांगितलं. कसा उतरला, जाळी कुठं काढून ठेवल्ती, हाक कशी दिली, उत्तर कसं आलं. तिनं काहीच बघितलेलं नव्हतं, अन् तरी सगळं बरोबर सांगितलं, कारण तिनं तीन महिने झाडता झाडता तेवढंच बघितलं व्हतं. "त्यांला घरी आणलं तवा मला पायाकडचं उघडू दिलं न्हाई," म्हणाली. मंग एकेका पोराकडं बघितलं. "तुमी आपल्यापुरतं बोला. दुसऱ्याच्या वाटचं 'सोड' म्हणू नका. कितीबी दोस्त असला तरी."

पोरं मान खाली घालून उभी. जे खाली बसलं व्हतं ते उठलंच न्हाई.

दारात साहेब उभा व्हता. त्यानं सगळं ऐकलं. मला वाटलं, गेली बाई. गप बसायचं म्हणून कबूल केलं अन् बोलली. पण साहेबाचा चेहरा वेगळाच. त्यो जवळ आला अन् म्हणाला, "ताई, हेच पाहिजे. मी तासभर बोललो तर एकानं लक्ष दिलं नाही. दर वेळी नवीन लोक आले की तुम्ही हे सांगायचं. इथंच, ह्याच जागी. तुमची कायमची ऑर्डर मी आजच काढतो."

"दर खेपेला?" तिनं इचारलं.

"दर बॅचला. तुमच्याइतकं चांगलं कुणी सांगू शकणार नाही."

मी येडा, मला आनंद झाला. मला वाटलं जिंकली. मी चहा सांगायला पळालो, अन् पळता पळता खराट्याला अडकून पडलो.

तिनं साहेबाकडं एक मागितलं, की हाक दिल्यावर एकेकानं आपल्या तोंडानं सांगावं. साहेब म्हणाला, चालंल. तसं झालं बी. आता मुकादम इचारतो अन् एकेक जण सांगतो, मी भाईर, मी भाईर. तेवढा येळ जातो, पण साहेब आता वरच्यांना सांगतो की ही आमची पद्धत हाय. वरून माणसं बघायला आली. तिला जाळीपाशी उभं करून फोटो काढले. एक जण म्हणाला, बाई, जरा खाली बघा, पिळाकडं. तिनं बघितलं.

अन् नवी माणसं येतच राहतेत. हंगाम असला की येतेत, एखादा गडी सोडून गेला की येतेत. दर खेपेला मी त्यांला गेटातून आत घेतो, अन् त्यांला घेऊन तिच्याकडं जातो. ती खराटा ठेवती अन् सांगती. पैलंपैलं मला वाटायचं, सांगून सांगून बोथट होईल, आपल्या गोष्टी जशा होतेत. माही गठाण आता इतकी बोथट झाली की मला सुद्धा खरी वाटत न्हाई. तिचं तसं झालं न्हाई. ती सांगती, अन् पोरं कामाला गेली की टाकीमागं जाऊन उलटी करती. मी तांब्या घेऊन उभा राहतो. ह्याच्यापेक्षा जास्त मला काय येत न्हाई.

एकदा मी म्हणालो, "वैनी, साहेबाला सांगतो, आता बास. दुसरं कुणी सांगंल."

"कोण सांगंल? तुमी?" म्हणाली. हसून न्हाई, खरंच इचारलं.

मी तांब्या पुढं केला.

तिनं तोंड धुतलं. पदरानं पुसलं. म्हणाली, "भाऊ, एक मागते. साहेबाला न्हाई, तुमाला. नवं माणूस आत तुमीच घेता ना?"

"व्हय."

"माहं पोरगं मोठं झालं की इथंच येईल. मी सांगितलं तरी येईल. बाप इथं, माय इथं, त्याला दुसरं कोण वळखतंय? साहेब बी घेईल, म्हणंल घरचंच लेकरू हाय. तवा तुमी त्याला गेटातून आत घेऊ नका. पाया पडलं तरी. रडलं तरी."

मी म्हणालो, "वैनी, तोवर मी असलो पायजे ना. मला आत्ताच दोन जिने चढवत न्हाईत."

"तर तुमच्या जाग्यावर ज्याला लावताल, त्याला सांगून ठेवा."

"अन् मी वळखू कसा? मला आकडे वळखू येत न्हाईत, माणूस कुठून."

"बापावर गेलाय," ती म्हणाली. "हसला की वळखू येईल."

गाडीचा येळ झाल्ता. तिनं पिशवी उचलली अन् गेली.

पोरगं अजून दुसरीत हाय. तरी बी आता गेटापाशी नवी पोरं उभी राहिली की मी माह्या गठाणीची गोष्ट सांगतो, ती हसायला लागली की एकेकाचं तोंड बघत जातो. एखाद्याचं हसणं तसलं वाटलं की गोष्ट मधीच थांबवून इचारतो, "कोणाचा रे तू?" पोरांला वाटतंय ही बी मस्करीच हाय, ती अजून हसतेत. मंग मी गाव इचारतो.